दोनशे ग्रॅम पाव : ‘इव्हान डेनिसोविच’ वाचून कुणाला काय वाटलं?

उत्तररात्र (धागाकर्ती):

गेल्या आठवड्यात रशियन लेखक सोल्झेनित्सिनचं ‘इव्हान डेनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस’ तिसऱ्यांदा वाचलं. कॉलेजात असताना पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्क निराशा झाली होती. स्टालिनच्या श्रमछावणीवरची कादंबरी म्हणजे फटके, किंकाळ्या, गोळीबार, गेलाबाजार पळून जायचा एखादा बेत तरी असेल, अशी माझी समजूत. इथे एक माणूस पहाटे पाचला उठतो, कामावर जातो, भिंत बांधतो, परत येतो आणि झोपतो. कुणी मरत नाही. मी पुस्तक मैत्रिणीला परत देऊन टाकलं.

यात घडतं ते सगळं ग्रॅममध्ये आणि मिनिटांत घडतं, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं.

सकाळचा पाव हातात पडताच नायक शुखोव्हला वजनाचा अंदाज येतो. कागदावर ५५० ग्रॅम आहे, पण तेवढा तो कधीच नसतो. प्रश्न फक्त किती मारला एवढाच. अर्धा कोटाच्या आतल्या खिशात जातो. उरलेला अर्धा गादीत, भुश्शात. भोक उसवायचं, पाव आत सारायचा, पुन्हा टाके घालायचे. सुई टोपीत लपवलेली. बाहेर हजेरीसाठी आरडाओरडा चाललेला आणि हा गडी शिवत बसलाय! आधी अंगात कणकण म्हणून दवाखान्यात जाऊन आलाय. ताप निघाला ३७.२. सकाळी दोघांनाच सुट्टी देता येते आणि ते दोघे आधीच ठरलेत. मग जा कामावर. बाहेर उणे २७.

आणि तरी हा माणूस जेवायला बसताना टोपी काढतो. कितीही थंडी असो. माशाच्या पाणचट रश्शात जे येईल ते खातो, कल्ले, शेपटी, काटे चावून चोथा करून. डोळे डोक्याला चिकटलेले असतील तर तेही. पण सुटून रश्शात तरंगणारे डोळे मात्र खात नाही. बाकीचे कैदी त्याला हसतात. मला वाटतं अख्खं पुस्तक या एका वाक्यावर उभं आहे.

मला अडलंय ते भिंतीपाशी. भिंत बांधताना शुखोव्ह रंगून जातो, सुटीची वेळ झाली तरी थांबत नाही. आठ वर्षं गुलामी केलेला माणूस मालकाची भिंत इतक्या प्रेमाने का बांधेल? हे पटतं का तुम्हाला?

अर्धवट_वाचक:

+१. छान लिहिलंय. मी नावांमुळे दहाव्या पानावर सोडलं होतं. कधी शुखोव्ह म्हणतात, कधी इव्हान डेनिसोविच, कधी वान्या. एकच माणूस आहे हे कळायलाच वेळ गेला.

उत्तररात्र:

अहो, हे तर मराठी माणसाला सोपं जायला हवं. आपल्या शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं ना, तसंच. इव्हान, डेनिसचा मुलगा, शुखोव्ह. नाव आणि वडिलांचं नाव एकत्र घेऊन हाक मारणं हे तिकडे ‘अहो जाहो’ करण्यासारखं. छावणीत टोपी, छाती, पाठ, गुडघा, सगळीकडे नंबर रंगवलेला. लेखकाने आधी शीर्षकातही नंबरच ठेवला होता, ‘श्च-८५४’, आणि खाली ‘एका कैद्याचा एक दिवस’. संपादकाने ते बदललं. ज्याला दिवसभर पहारेकरी नंबराने हाकतात त्याला मुखपृष्ठावर आदराची हाक मिळाली. संपादकाची ढवळाढवळ नेहमी वाईटच असते असं नाही :)

तांबडा_कागद:

धागा पाहून राहवलं नाही. माझं वय सत्तरीला टेकलंय आणि तरुणपणी मी कट्टर लाल होतो, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या गावात सोव्हिएत पुस्तकांची गाडी यायची. प्रगती, रादुगा, मीर ही तिकडची प्रकाशनं. जाडजूड बांधणी, पांढरा स्वच्छ कागद आणि किंमत चहाच्या दोन कपांची. रशियन परीकथांपासून गणितापर्यंत सगळं मराठीत. माझं अर्धं वाचन त्या गाडीवर झालंय, ते ऋण मी नाकारत नाही. पण त्या गाडीत हे पुस्तक कधी आलं नाही. येणारही नव्हतं. १९७४ साली लेखकाला देशाबाहेर काढल्यावर तिकडच्या वाचनालयांतूनही ते उचललं गेलं. मी वाचलं ते इंग्रजीत, १९८० नंतर, आणि वाचून कुणाशी बोललो नाही. ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे आमच्याच गटातले.

ते छापून कसं आलं हा किस्सा कादंबरीइतकाच रंजक आहे. सोल्झेनित्सिन तोफखान्यात कॅप्टन. फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध जिंकत आलेलं असताना, त्याला आघाडीवरून उचललं, कारण मित्राला लिहिलेल्या पत्रांत स्टालिनवर टीका. आठ वर्षं शिक्षा. त्यातली शेवटची वर्षं कझाकस्तानात एकिबास्तुझच्या छावणीत, तिथे तो खरोखरच गवंडीकाम करत होता. एका हिवाळी दिवशी जोडीदाराबरोबर मालाची डोली वाहताना त्याच्या मनात आलं की छावणीचं सगळं जग एका साध्या माणसाच्या एका दिवसात सांगता येईल. लिहायला घेतलं १९५९ साली. तेव्हा तो रियाझानला शाळेत भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकवत होता. दीड महिन्यात लिहून झालं आणि पडून राहिलं.

१९६१च्या शेवटी टंकलिखित ‘नोव्ही मीर’ मासिकाच्या कचेरीत पोहोचलं. समास नाही, ओळींत अंतर नाही, कागदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या. तिथल्या संपादिका आन्ना बेर्झेर. त्यांना ठाऊक होतं, मधल्या साहेबांच्या हातात पडलं तर बाड तिथेच संपेल. म्हणून त्यांनी ते थेट मुख्य संपादक त्वार्दोव्स्कीपुढे ठेवलं आणि शेतकऱ्याच्या नजरेतून छावणी आहे एवढंच सांगितलं. ही बाई फार हुशार. त्वार्दोव्स्की स्वतः खेड्यातला, बाप लोहार, आणि ‘कुलक’, म्हणजे सधन शेतकरी, ठरवून त्याच्या घरच्यांना १९३१ साली हद्दपार केलेलं. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या त्याने वाचायला घेतलं. थोडी पानं झाल्यावर उठला, कपडे केले आणि टेबलाशी बसून रात्रभर वाचलं. अशी गोष्ट लोळत वाचायची नसते असं त्याला वाटलं म्हणे.

पुढे जवळजवळ वर्ष गेलं. सोव्हिएत सर्वेसर्वा ख्रुश्चेव्हच्या सल्लागाराने सप्टेंबर १९६२ मध्ये, साहेब काळ्या समुद्राकाठी सुटीवर असताना, त्यांना ते मोठ्याने वाचून दाखवलं. ख्रुश्चेव्हलाही गवंडीकामाचा भाग फार आवडला. धागाकर्तीला जे खटकलं नेमकं त्यानेच पुस्तक तारलं! नोव्हेंबर १९६२च्या अंकात आलं. आपण तेव्हा चीनच्या युद्धात होतो, आपल्याला काय पत्ता. अंकाच्या लाखाच्या आसपास प्रती निघाल्या आणि हातोहात गेल्या. पुढल्या वर्षी स्वस्त आवृत्तीच्या सात लाख प्रती निघाल्या. १९६४च्या ऑक्टोबरात ख्रुश्चेव्हची खुर्ची गेली आणि ती खिडकी बंद झाली.

शुभ्रा_क:

काका, दंडवत. वेगळा लेख होईल हा.

गवंड्याचा_पोर:

मी इथं फक्त वाचायला येतो, लिहित नाही. पण भिंतीवरनं प्रश्न निघाला म्हणून.

माझे वडील चाळीस वर्षं गवंडी. मी बारावीपर्यंत सुट्टीत त्यांच्या हाताखाली बिगारी होतो. हे पुस्तक मला मित्रानं दिलं, म्हणाला तुझ्या बापाचं पुस्तक आहे. खरंच तसं निघालं.

लेखकानं काम केलेलं आहे, ते ओळखू येतं. शुखोव्ह वर चढल्यावर आधी कुऱ्हाडीनं भिंतीवरचा बर्फ तासतो, मग नजरेनं भिंत जोखतो. आधीच्या कुणा अडाण्यानं एका जागी भिंत आत घेतलीय, ती तीन थरांत हळूहळू ओळंब्यात आणायची असं मनात ठरवतो. हे न बांधणारा माणूस लिहूच शकत नाही. लाइनदोरी बांधायची, माल पसरायचा, ब्लॉक ठेवायचा, थापीच्या मुठीनं ठोकायचा, बाहेर आलेला माल थापीनंच उचलून पुढच्या दरजेत टाकायचा. आपल्याकडं विटा आधी भिजवून घेतात, कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते म्हणून. तिथं उलटी तऱ्हा. माल खालून वाफाळत येतो आणि भिंतीवर टाकला की बघता बघता गोठतो. ब्लॉक वाकडा बसला तर हलवायचा नाही, तो तसाच राहिला. म्हणून पहिल्या झटक्यात सरळ बसला पाहिजे. असल्या कामात डोक्यात दुसरं काही राहत नाही हो. भूक राहत नाही, मालक कोण ते राहत नाही.

आणि थापी! छावणीची थापी रोज परत करायची असते. पण शुखोव्हला एक चांगली थापी गावलेली असते, ती तो मोजणीतनं चुकवून लपवून ठेवतो. माझे वडील कुणाला आपल्या थापीला हात लावू द्यायचे नाहीत. साइटवर दुपारी झोपायचे तर थापी उशाला.

त्यांनी बांधलेल्या एकाही घरात आम्ही राहिलो नाही. तरी कुठल्याही रस्त्यानं जाताना ते अजून दाखवतात, ही माझी भिंत. हे प्रेम मालकावरचं नाही, ताई. तेवढंच सांगायचं होतं.

उत्तररात्र:

मी हा प्रतिसाद दोनदा वाचला. कृपया लिहित जा.

उंटावरचा_शहाणा:

सगळं छान आहे, पण थोडं थंड पाणी ओततो.

वार्लाम शालामोव्ह हे नाव इथे कुणी घेतलं नाही. हाही लेखक आणि कैदी, रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कोलिमाला होता, सोन्याच्या खाणींत. सोल्झेनित्सिनच्या कितीतरी पट नरक त्याने पाहिला. ‘इव्हान डेनिसोविच’ आल्या आल्या त्याने लेखकाला लांबलचक पत्र लिहिलं. त्यात कौतुक भरपूर आहे. पण मधेच एक शेरा आहे. कादंबरीतल्या दवाखान्याजवळ एक मांजर फिरतं. शालामोव्ह म्हणतो, खऱ्या छावणीत हे मांजर कधीच कुणीतरी खाल्लं असतं. आणि चमचे कुठले? खऱ्या छावणीत रस्सा वाडग्याच्या काठानेच पितात, चमच्याने खावं असं त्यात काही नसतंच. तुमच्याकडे उवासुद्धा नाहीत! असली झकास छावणी आहे तरी कुठे, एखादं वर्ष मलाही तिथे काढायला आवडलं असतं, अशा अर्थाचं.

त्याच्या कथांतल्या कैद्यांना तर थर्मामीटरही बघायला मिळत नाही. थुंकलं आणि थुंकी हवेतच गोठली की समजायचं, पारा उणे पंचावन्नच्या खाली गेलाय. शालामोव्हचं म्हणणं असं की छावणी ही पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत फक्त वाईटच शिकवणारी शाळा आहे. कुणालाही तिथे एक तासही जायला लागू नये. त्यामुळे ‘श्रमाने माणूस टिकला’ असं कुणी म्हणालं की मला जरा भीतीच वाटते. छावणी चालवणाऱ्यांचंही तेच ब्रीद होतं, श्रमाने माणूस सुधारतो. बेलोमोर कालव्यावर १९३१ ते ३३ हेच सांगून कैद्यांकडून फावड्या-कुदळींनी सव्वादोनशे किलोमीटरचा जलमार्ग तयार करून घेतला आणि लेखकांची बोट नेऊन त्याचं स्तुतिपर पुस्तकही लिहवून घेतलं.

गवंड्याचा_पोर:

दादा, मी सुधारतो म्हटलं नाही. मी म्हटलं, ध्यान लागतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उंटावरचा_शहाणा:

मान्य. पण मग पुढचं पण बोलूया. त्या ध्यानाचा फायदा कोण घेतं? टोळीची पद्धत बघा. १०४ नंबरची टोळी, तिचा मुकादम त्यूरिन. पावाचं वजन टोळीच्या कामाच्या टक्क्यांवर ठरतं. एक ढिला पडला की सगळ्यांचा पाव कमी. म्हणजे कैद्याला हाकायला पहारेकरी लागतच नाही, शेजारचा कैदीच हाकतो. याहून स्वस्त व्यवस्था जगात कुणी शोधलेली नाही.

तांबडा_कागद:

आणि गंमत म्हणजे टक्के कामावर नसतातच, कागदावर असतात. त्यूरिन दुपारी कचेरीतून हसत येतो तेव्हा टोळीला कळतं की आज ‘टक्केवारी’ चांगली लागली, पाच दिवसांची सोय झाली. सकाळी तो आणखी एक काम करून आलेला असतो. टोळीला ‘समाजवादी वसाहत’ नावाच्या उघड्या माळावर पाठवणार होते, जिथे आडोशाला भिंत नाही, शेकायला काडी नाही, आणि आधी स्वतःभोवतीच काटेरी तारेचं कुंपण घालायचं. कुणाला तरी डुकराच्या चरबीचा तुकडा चारून त्याने ते टाळलं. दुसऱ्या कुठल्या तरी टोळीच्या नशिबी गेलं. नाव बघा, समाजवादी वसाहत! सेन्सॉरच्या नजरेतून हे कसं सुटलं याचं मला अजून नवल वाटतं.

शुभ्रा_क:

मुकादम हा शब्द वाचून ऊसतोडीच्या टोळ्या डोळ्यांपुढे आल्या. अर्थात तुलना करत नाही, कोयत्यावर बंदुकीचा पहारा नसतो. पण मुकादम बरा की वाईट यावर टोळीचा हंगाम ठरतो, ते मात्र तसंच.

मला दुसरंच विचारायचं होतं. शुखोव्हचा पहिला मुकादम त्याला सांगतो की छावणीत तीन प्रकारची माणसं मरतात : जी दुसऱ्यांचे वाडगे चाटतात, जी दवाखान्याच्या आशेवर राहतात आणि जी अधिकाऱ्याकडे चुगल्या नेतात. हा नियम सगळीकडे उद्धृत होतो. पण खरं आहे का ते?

उत्तररात्र:

त्याच्या पुढचीच ओळ कुणी उद्धृत करत नाही! शुखोव्ह मनाशी म्हणतो की चुगलखोरांचं तेवढं तो वाढवून बोलला. ते तर मजेत जगतात, दुसऱ्याच्या रक्तावर. म्हणजे लेखकाने नियम सांगितला आणि लगेच त्याला भोकही पाडून ठेवलं. मला हे पुस्तक यासाठी आवडतं. सुविचार म्हणून भिंतीवर लावायला गेलात तर हाताला काटा टोचतो.

वाडगे चाटणारा फेत्युकोव्ह बघा. बाहेर मोठा साहेब होता, गाडीतून फिरायचा. इथे दुसऱ्याच्या तोंडातल्या सिगारेटकडे कुत्र्यासारखा बघत बसतो. आणि त्याच्या उलट तो म्हातारा, यू-८१. पुस्तकात एखादंच पान वाट्याला आलंय त्याच्या. किती वर्षं आत आहे याची गणती नाही, एक शिक्षा संपली की पुढची चिकटवतात. सगळे वाडग्यावर वाकून खातात, हा ताठ बसून चमचा तोंडापर्यंत नेतो. चमचा लाकडी, झिजलेला. आणि पाव मळक्या टेबलावर ठेवत नाही, धुतलेल्या फडक्यावर ठेवतो. शुखोव्ह बघत राहतो. लेखक पुढे काही बोलत नाही.

कारागंडा_रिटर्न:

माझा थेट संबंध आहे म्हणून लिहितो. मी एमबीबीएस कझाकस्तानात कारागंडाला केलं. महाराष्ट्रातली बरीच पोरं तिकडे जातात, मीही त्यातलाच, परभणीचा. ४४ डिग्रीत वाढलेला माणूस पहिल्या डिसेंबरात उणे ३० मध्ये बाहेर पडला तेव्हा श्वास घेताच नाकातले केस टणक झाले. पापण्या एकमेकींना चिकटतात. स्टेपच्या माळरानावरून ‘बुरान’, म्हणजे हिमवादळ, सुटलं की समोरची इमारत दिसत नाही.

आमच्या शहरापासून थोड्या अंतरावर दोलिन्का नावाचं गाव आहे. ‘कारलाग’ नावाच्या प्रचंड छावणीचं मुख्यालय तिथे होतं. त्याच खांबवाल्या भव्य इमारतीत आता संग्रहालय आहे. सुटीत आम्ही चार पोरं गेलो होतो, खरं तर फोटो काढायला. बाहेरून सरकारी विश्रामगृह वाटतं. तळघरात कोठड्या दाखवतात. परतताना गाडीत कुणी गाणी लावली नाहीत. स्पास्कला माळावर वेगवेगळ्या देशांनी आपापल्या मृतांसाठी उभारलेले दगड आहेत, त्यात जपानीसुद्धा. युद्धकैदी म्हणून आणलेले.

माझी घरमालकीण व्होल्गाकाठच्या जर्मनांतली. १९४१ साली तिच्या आईवडिलांना सगळ्या गावासकट मालगाडीत घालून इकडे आणून सोडलं. कारागंडात अशी घरं पावलोपावली. तिच्याकडून शिकलेला शब्द ‘पायका’, म्हणजे मोजून मिळणारा वाटा. दुकानातल्या पावाला ती तो शब्द कधी वापरायची नाही.

कादंबरीत एक थर्मामीटर आहे, आठवतं? उणे ४१ दाखवला तर कामावर न्यायचं नाही असा नियम. कैदी म्हणतात, हा खरं दाखवत असता तर इथे टांगलाच नसता. आमच्याकडे थंडी फार वाढली की शाळांना सुट्टी मिळायची आणि पोरं सकाळी उठून पाऱ्याकडे आशेने बघायची. तेव्हा मला ते पान आठवायचं.

शनिवारी_सुट्टी:

अंदमानच्या कोलूची आठवण कुणालाच कशी झाली नाही? रोजचं ठरलेलं तेल भरलं नाही तर शिक्षा, तिथेही हेच गणित होतं. आपल्याकडे ज्यांनी भोगलं त्यांचं...

संपादक_मंडळ:

गाडी कुठे चाललीय ते दिसतंय. कोलूची तुलना रास्त आहे, पण त्यावरून नेहमीचा सामना इथे सुरू करू नये. मागच्या वेळचे ३०० प्रतिसाद अजून अंगावर येतात.

तांबडा_कागद:

संपादकांशी सहमत. आपला धागा जोडायचाच असेल तर एक जवळचा आहे. सरोजिनी नायडूंचा भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय. ‘चट्टो’ म्हणत. इंग्रजांविरुद्ध आयुष्यभर युरोपात धडपडला, शेवटी लेनिनग्राडला जाऊन राहिला, कम्युनिस्ट झाला. १९३७ साली त्याला पकडलं आणि गोळी घातली. तिथेच राहणाऱ्या दुसऱ्या भारतीय कम्युनिस्टाचं, अवनी मुखर्जीचंही त्याच वर्षी तेच झालं. छावणीत जाण्याइतकंही नशीब नव्हतं. आमच्या अभ्यासवर्गात ही नावं यायची, पण १९३७च्या अलीकडेच थांबायची. आणि आम्ही कधी पुढे विचारलं नाही.

अर्धवट_वाचक:

आता पुन्हा सुरू केलंय, चाळीस पानं झाली. एक शंका : शुखोव्हचा गुन्हा काय?

उत्तररात्र:

जर्मनांच्या हाती सापडला, हा. फेब्रुवारी १९४२. तिथून निसटून जंगलातून आपल्या सैन्याकडे परत आला. आल्यावर म्हणाले, तू जर्मनांचा हेर, त्यांच्या कामगिरीवर आलास. कामगिरी कोणती? ते शुखोव्हलाही सुचेना आणि चौकशी अधिकाऱ्यालाही सुचेना. शेवटी कागदावर नुसतंच ‘कामगिरी’ असं लिहून टाकलं. सही केली नाही तर लाकडी ओव्हरकोट, म्हणजे शवपेटी. केली तर थोडं तरी जगणं. सही केली. दहा वर्षं. सगळा प्रसंग जेमतेम अर्ध्या पानात उरकलाय, बुटांना त्याहून जास्त जागा दिलीय. बुटांचं येईल पुढे, शोधा. आठ वर्षांत कशाचंच एवढं दुःख झालं नाही, असं आहे त्यात.

शुखोव्हच्या टोळीतल्या नौदलाच्या कॅप्टनचा गुन्हा तर त्याहून अजब. युद्धात तो संपर्क अधिकारी म्हणून इंग्रजांच्या जहाजावर होता. युद्ध संपल्यावर त्यांच्या अ‍ॅडमिरलने आभार म्हणून भेटवस्तू पाठवली. पंचवीस वर्षं.

तांबडा_कागद:

त्या कॅप्टनमागचा खरा माणूस, बुर्कोव्स्की, सुटल्यावर ‘अवरोरा’ जहाजावरच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला. ज्या जहाजाच्या तोफेने क्रांतीचा इशारा दिला तेच जहाज. हे मी कादंबरीत वाचलं असतं तर म्हटलं असतं, लेखकाने जरा जास्तच केलं.

उंटावरचा_शहाणा:

माझं सगळं ऐकल्यावरही एक प्रसंग मला डोक्यातून काढता येत नाही, ते कबूल करतो. दुपारी सूर्य डोक्यावर बघून शुखोव्ह म्हणतो, बारा वाजले. कॅप्टन म्हणतो, नाही, एक. कारण सूर्य माथ्यावर येतो तेव्हा एक वाजतो असा सरकारी हुकूम निघालाय. आणि शुखोव्हला खरोखर प्रश्न पडतो, सूर्यसुद्धा यांच्या हुकमाने चालतो की काय?

शुभ्रा_क:

आणि शेवट? मी वाचून झाल्यावर कितीतरी वेळ कॅलेंडर घेऊन बसले होते. शुखोव्ह जवळजवळ सुखात झोपतो. आज कोठडीत टाकलं नाही, माळावर पाठवलं नाही, दुपारी लापशीचा जास्तीचा वाडगा लाटला, करवतीच्या पात्याचा तुकडा झडतीत सापडला नाही, तंबाखू मिळाली, ताप उतरला. मग हिशेब येतो, असे त्याच्या शिक्षेत ३६५३ दिवस. वरचे तीन लीप वर्षांमुळे. मी मोजून पाहिलं : १९४४, १९४८, १९५२. बरोबर तीन.

उत्तररात्र:

मीसुद्धा मोजलं होतं :)

गवंड्याचा_पोर:

काल रात्री वडिलांना भिंतीचा भाग मराठीत सांगत सांगत वाचून दाखवला. आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जोरात वाचावं लागलं, शेजारचे पण ऐकत असणार. गोठणाऱ्या मालाचं त्यांना खरं वाटेना, दोनदा विचारलं. थापी लपवायची गोष्ट आल्यावर हसले.

सुटीचा टोल पडतो, मुकादम ओरडतो की उरलेला माल भिंतीपलीकडं फेका आणि चला, तिथं त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, ‘फेकला का मग?’

म्हटलं, नाही. वर चढवलेला त्यानं लावूनच टाकला. मोजणीला उशीर झाला, सगळे शिव्या देत होते, पण हा पळता पळता परत फिरला आणि भिंत सरळ आहे का बघून आला.

‘होती का?’

होती, म्हटलं.